‘किरकोळ’ नावाची फाइल

पुढच्या शुक्रवारी ऑफिसमधला माझा शेवटचा दिवस. संध्याकाळी साडेपाचला केक कापला जाईल, एक मोठ्ठं कार्ड फिरेल, त्यावर सगळे ‘कीप इन टच’ लिहितील आणि सर त्यांचं ते ठरलेलं भाषण करतील. तोपर्यंत मात्र माझ्या नशिबी आहे केटी. नॉलेज ट्रान्सफर! आयटीवाल्यांनी आणलेला हा शब्द आता आमच्यासारख्या साध्यासुध्या एक्स्पोर्ट कंपनीतही रुळलाय. म्हणजे काय, तर इतक्या वर्षांत डोक्यात जे साठलंय ते तीन आठवड्यांत दुसऱ्याच्या डोक्यात ओतायचं आणि वर त्याची सही घ्यायची.

ते ‘दुसरं डोकं’ म्हणजे तेवीस वर्षांची एक मुलगी. वही-पेन घेऊन बसते (हो, वही! मलाही आश्चर्य वाटलं). मी शीट उघडते, समजावते, आणि ती दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न विचारते, ‘पण मॅडम, असं का?’

पहिल्या दिवशी डोक्याला शॉट बसला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तिच्या निम्म्या ‘का’ची उत्तरं माझ्याकडेच नाहीत. मी सरळ सांगून टाकलं, ‘कारण काका असं करायचे.’

‘काका कोण?’

चला, तिथूनच सुरुवात करू.

काका डॉट कॉम

तुमच्याही ऑफिसात एक काका असतीलच. नसतील तर मावशी असतील, अण्णा असतील. आमचे काका कमर्शियल डिपार्टमेंटला होते, एकतीस वर्षं. त्यांचं आडनाव मला रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी कळलं, तेही सॅलरी स्लिपवरून. सगळं ऑफिस त्यांना नुसतं काका म्हणायचं, डायरेक्टरसाहेबसुद्धा.

कुठल्या शिपिंग लाइनकडून कंटेनरला किती फ्री डेज मिळतात, कुठला सीएचए शनिवारीही फोन उचलतो, जर्मनीचा कस्टमर इनव्हॉइसवर कुठला शब्द नसेल तर पेमेंट अडवतो, सगळं काकांच्या डोक्यात. जे डोक्यात नाही ते लाल पुठ्ठ्याच्या डायरीत, आणि जे डायरीत नाही ते लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली त्यांच्या पँटच्या पट्ट्याला. इंटरनेट बंद पडलं तरी आमचं काम कसंबसं रेटता यायचं. पण काका गणपतीला गावी गेले की खल्लास! गाव सावंतवाडीच्या बाजूला, घरात मोबाइलला रेंज नाही, रेंज हवी तर सड्यावर चढायचं. ते दहा दिवस आम्ही काढायचो म्हणजे काय, तर ‘काका आले की बघू’ असं म्हणत काम पुढे ढकलायचो. कुणाला यात काही गैर वाटायचं नाही. उलट कौतुकच. ‘काका म्हणजे आपली चालती-बोलती फाइल!’

३१ मार्च २०१८ ला ही चालती-बोलती फाइल चालत घरी गेली. शाल, श्रीफळ, मनगटी घड्याळ. हँडओव्हर म्हणून काकांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, ‘सगळा कपाटात आसा गो, काळजी करू नको.’

मी केली नाही. चूक झाली.

बेचाळीस लाखांचा कागद

२०१९ च्या दिवाळीनंतर एक सरकारी पत्र आलं. २०१३ साली आमच्या वसईच्या कारखान्यात एक मशीन परदेशातून आणलं होतं, ईपीसीजी स्कीमखाली. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या स्कीममध्ये सरकार म्हणतं, मशीनवरची आयात ड्युटी आत्ता भरू नका, पण वाचलेल्या ड्युटीच्या सहा पट निर्यात सहा वर्षांत करून दाखवा. नाही जमलं तर ड्युटी भरा, व्याजासकट. आमची वाचलेली ड्युटी होती बेचाळीस लाख. म्हणजे दोन कोटी बावन्न लाखांची निर्यात. ती आम्ही कधीच करून बसलो होतो, तिचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो एका कागदाचा. मशीन आयात झाल्यावर ठरलेल्या मुदतीत ते कारखान्यात बसवल्याचा दाखला सादर करावा लागतो. पत्रात विचारलं होतं, तो दाखला कुठेय?

आमच्याकडे मशीन होतं. डोळ्यांसमोर धडधडत होतं. निर्यात होती. पैसे बँकेत आले होते. फक्त दाखला नव्हता, आणि तो वेळेत दिल्याची पोचही नव्हती. नवा दाखला आणावा, तर त्यावर तारीख आजची पडणार. सहा वर्षांपूर्वी मशीन बसवलं हे २०१९ च्या कागदाने कसं सिद्ध करणार?

दोन आठवडे आम्ही शोधत होतो. कपाटात फायली होत्या बक्कळ, पण काकांची नावं द्यायची पद्धतच निराळी. एका फाइलवर ‘हिरवं मशीन’. एकावर ‘पाटणकर वाडी’, जिथे आमचं काहीच नाही (नंतर कळलं, तिथे एका ट्रान्सपोर्टरचं घर होतं). एकावर नुसतं ‘ते’. मी जमिनीवर फतकल मारून बसले होते, सर डोक्यावर उभे, आणि डायरेक्टरसाहेबांनी एकदाच पण सगळ्यांसमोर विचारलं, ‘चार्ज कुणी घेतला होता?’

चार्ज मी घेतला होता. माझी सही होती.

काकांचा फोन लागेना. त्यांच्या पुतण्याने सांगितलं, संध्याकाळी सहाला ते सड्यावर फिरायला जातात, तेव्हा लागेल. सहाला लावला. पलीकडे वाऱ्याचा घोंघाट. मी रडायच्या बेतात. काका शांत.

‘खालचा खण. सगळ्यात मागे. किरकोळ असा लिवलला आसा बघ.’

‘किरकोळ?’

‘अगो, महत्त्वाचा लिवला की सगळे मागून नेतत आणि परत हाडणत नाय. किरकोळ लिवला की कोणी हात लावणा नाय.’

त्या फाइलमध्ये दाखला होता, आणि त्याला टाचणी लावलेली पोच. गोल शिक्का, तारीख, सही, सगळं. पुढे काही महिन्यांनी केस मिटली, बँक गॅरंटी सुटली. मी त्या दिवशी आठ-दहची लोकल चुकवली आणि प्लॅटफॉर्मवर बसून वडापाव खाल्ला. इतका चांगला वडापाव पुन्हा मिळाला नाही.

खुर्ची मोजतात, माहिती नाही

नंतर एका सीए मैत्रिणीला हा किस्सा सांगितला. ती हसली आणि म्हणाली, ‘गंमत बघ. तू बसलेली खुर्ची तुमच्या बॅलन्स शीटवर आहे. ते लोखंडी कपाट आहे. कपाटातला कागद नाही.’

आणि ते खरंच तसं आहे. कंपनीने स्वतः जमवलेली ग्राहकांची यादी मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवता येत नाही. आपल्याकडच्या इंड-एएस ३८ या हिशेबाच्या नियमात हे स्पष्ट लिहिलंय. तीच यादी दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतली, तर मात्र दाखवता येऊ शकते! म्हणजे वीस वर्षं घाम गाळून जमवलेली माहिती हिशेबात शून्य, आणि शेजाऱ्याकडून आणलेली असेट. नियमामागे कारण आहे. घरच्या माहितीची किंमत नेमकी किती, हे खात्रीने मोजता येत नाही. पण त्याचा एक साइड इफेक्ट होतो. जे मोजलं जात नाही त्याची काळजी कुणी घेत नाही. एअर कंडिशनरचं वर्षाचं मेन्टेनन्स कॉन्ट्रॅक्ट असतं. काकांच्या डायरीचं नव्हतं.

ब्रिटनमध्ये १९९५ साली हॉले कमिटी नावाच्या समितीने कंपन्यांच्या संचालक मंडळांसाठी एक अहवाल लिहिला होता. माहिती ही मालमत्ता आहे आणि तिचा विचार बोर्डाच्या टेबलावर व्हायला हवा, असं त्यात म्हटलं होतं. त्याला आता तीस वर्षं झाली. आमच्या बोर्डाच्या टेबलावर अजून बिस्किटांचीच प्लेट येते.

आडनावांतच जॉब प्रोफाइल

खरं तर मराठी माणसाला हे कुणी शिकवायला नको. आपल्या आडनावांकडे बघा ना. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस... शेवटी जो ‘नीस’ आहे, तो फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. चिटणीस पत्रव्यवहार सांभाळायचे, फडणीस हिशेबाचं दप्तर, पोतनीस खजिन्याचा जमाखर्च, सबनीस सैन्याची हजेरी, पारसनीस फारसी पत्रं. वाकनीस तर बातम्या आणि रोजच्या घडामोडी नोंदवायचे. म्हणजे ज्याला आज आपण ‘इन्फर्मेशन मॅनेजमेंट’ म्हणतो, त्याचं अख्खं डिपार्टमेंट आपल्या सोसायटीच्या नेमप्लेटवर लटकलंय. नाना फडणवीसांचं नाव घेतलं की आपल्याला मेणवली आठवते, वाडा आठवतो. पण त्या माणसाची ताकद तलवारीत नव्हती. कुठे काय चाललंय हे त्याला इतरांच्या आधी कळायचं, आणि हिशेबाचं दप्तर त्याच्या हाताखाली होतं.

पुण्याचं पेशवे दप्तर ऐकून सगळ्यांना माहीत असतं, आत फारसं कुणी गेलेलं नसतं. मी गेले होते, कॉलेजच्या ट्रिपमध्ये, आणि खरं सांगते, तेव्हा जाम बोअर झालं होतं. कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, त्यांना ‘रुमाल’ म्हणतात, ओळीने मांडणीवर. असे हजारो. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी हे दप्तर ताब्यात घेतलं. इतिहासाच्या प्रेमापोटी नाही हं! कोणाला कुठलं गाव इनाम आहे, कोणाला किती वतन, कुठला महसूल माफ, हे सगळं त्यात होतं. पुढे १८५२ मध्ये इनाम कमिशनला कायद्याने अधिकार मिळाले आणि लोकांचे इनामाचे दावे तपासायला हेच कागद वापरले गेले. तुम्ही म्हणता जमीन तुमची, मग दप्तरात नोंद दाखवा. पिढ्यान् पिढ्या खाल्लेली जमीन एका रुमालातल्या एका ओळीवर तरायची नाही तर जायची. त्या दप्तराच्या कचेरीचं नावच होतं एलिनेशन ऑफिस.

इतिहासकारांना ते खुलं व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड काढले, १९३० पासून पुढच्या काही वर्षांत. पंचेचाळीस! आणि तरी ती निवडच.

पण मला जे आता समजतंय, ते वेगळंच आहे. यातले बहुतेक कागद मोडीत आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, नोंद शाबूत, पण वाचणारे कितीसे? मोडी मागे पडली आणि तिच्याबरोबर त्या दप्तराची किल्लीही. २०२३ मध्ये राज्यभर जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांना अचानक मोडी वाचणारी माणसं हवीशी झाली. इतकी वर्षं ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांना फोनवर फोन.

आमच्या ऑफिसातल्या त्या एक्सेल शीटला असंच मोडी लागलंय, हे लक्षात यायला मला मात्र हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसावं लागलं.

मी पण काकाच झाले

‘किरकोळ’ प्रकरणानंतर मी शपथ घेतली, माझ्या हातून असं होणार नाही. काकांची डायरी दोन महिने बसून एक्सेलमध्ये चढवली. कलर कोडिंग केलं. फॉर्म्युले टाकले. सॉलिड शीट झाली. मग एकदा कुणीतरी चुकून एक कॉलम उडवला आणि मी तिला पासवर्ड टाकला.

बास. तिथे माझं आणि काकांचं नातं पक्कं झालं.

आणि मला आवडत होतं हो! खोटं कशाला बोलू? मीटिंगमध्ये काही अडलं की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. ‘तिला विचारा, तिच्या शीटमध्ये असेल.’ अप्रेझलला सर म्हणायचे, ‘यू आर इनडिस्पेन्सेबल.’ चार लोक ज्यासाठी थांबतात त्याला किंमत असते, असं वाटायचं. कुणी शीटची कॉपी मागितली तर मी म्हणायचे, ‘कशाला? मला विचार ना, मी सांगते.’

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आईची अँजिओप्लास्टी झाली. अचानक ठरली, सकाळी अॅडमिट, दुपारी प्रोसिजर. ती आत होती आणि मी बाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर. फोन वाजला. ऑफिस. कट केला. पुन्हा वाजला. पुन्हा कट. मग व्हॉट्सअॅप: ‘सॉरी सॉरी, शीटचा पासवर्ड काय? कंटेनर आजच्या आज सोडायचाय.’ पासवर्ड दिला. पाच मिनिटांनी: ‘तो पिवळा रंग म्हणजे काय? आणि के कॉलममधले आकडे दिवस आहेत की डॉलर?’

के कॉलममधले आकडे दिवस होते. पण पिवळ्या ओळींत डॉलर. का, ते मी टाइप करायला घेतलं, आणि तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि ‘नातेवाईक कोण?’ म्हणून त्यांनी विचारलं. मी फोनमध्ये बघत होते. बाबांनी मला हाताला धरून उठवलं.

आई बरी आहे. छान आहे. पण ‘नातेवाईक कोण’ला मी मान वर केली नव्हती, हे बाबा बोलले नाहीत आणि मी विसरले नाही.

‘कसं’ सोपं, ‘का’ अवघड

घरी आल्यावर पहिल्यांदा पासवर्ड काढला. शीट टीमच्या कॉमन फोल्डरमध्ये टाकली. आणि मग कळलं, एवढ्याने काहीच होत नाही. ती उघडी होती, पण मोडीच होती.

याचं मी वाचलेलं सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि तेही कुठलं, तर अण्वस्त्रांच्या कारखान्यातलं. फॉगबँक हे सांकेतिक नाव असलेला एक पदार्थ तिथे वॉरहेडमध्ये वापरायचे. १९८० च्या दशकाअखेर त्याचं उत्पादन थांबलं, कारखानाही मोडीत काढला. पुढे जुनी वॉरहेड दुरुस्त करायची वेळ आली, फॉगबँक पुन्हा हवा झाला, आणि लक्षात आलं की तो बनवायचा कसा याच्या नोंदीच धड नाहीत आणि बनवणारी जवळपास सगळी माणसं रिटायर झालीत. अमेरिकेच्या सरकारी हिशेब तपासनिसांनी २००९ च्या अहवालात हे लिहून ठेवलंय. वर्षं गेली, कोट्यवधी डॉलर गेले. शेवटी नवा पदार्थ केला, तर तोही जुन्यासारखा वागेना. कारण काय निघालं? नव्या पद्धतीत कच्चा माल जास्त शुद्ध करून घेत होते. जुन्या मालात एक अशुद्ध घटक राहायचा, आणि काम नेमकं त्यानेच व्हायचं. हे तेव्हाच्या लोकांनाही माहीत नव्हतं! ते आपलं नेहमीसारखं करत होते. ‘काका असंच करायचे’, थेट अणुबॉम्बपर्यंत.

म्हणून मी शीटमध्ये एक नवा कॉलम टाकला. त्याचं नाव ‘का’. अमुक कस्टमरला तीन ओरिजिनल इनव्हॉइस पाठवायचे. का? एकदा एक कुरिअरमध्ये हरवला आणि बँकेने कागद परत केले म्हणून. हे लिहायला बसल्यावर घाम फुटला. तीसेक टक्के ठिकाणी ‘माहीत नाही’ लिहावं लागलं. मग संध्याकाळी सहाला सड्यावर फोन. काका खूश! एकेका ओळीमागे वीस मिनिटांची स्टोरी. मी मनात म्हणायचे, काका, मुद्द्यावर या ना. पण ती स्टोरीच मुद्दा होती, हे उशिरा कळलं.

झेरॉक्स कंपनीला हे फार आधी कळलं. १९८० च्या दशकात ज्युलियन ऑर नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्या मशीन दुरुस्त करणाऱ्यांच्या मागे मागे फिरला. आदिवासी पाड्यावर जावं तसा. त्याला दिसलं की हे लोक मॅन्युअल वाचून नाही, तर नाश्त्याच्या टेबलावर एकमेकांना किस्से सांगून शिकतात. ‘ते अमुक मशीन असं रुसलं, मग मी असं केलं...’ कंपनीच्या लेखी तो टाइमपास होता. नंतर १९९० च्या दशकात झेरॉक्सने याच किश्श्यांचा ‘युरेका’ नावाचा साठा केला. टेक्निशियनने टिप लिहायची, दुसऱ्या टेक्निशियन्सनी ती तपासायची आणि ज्याने लिहिली त्याचं नाव टिपेखाली. पैसे नाहीत. नाव. चहा पिताना ‘ती तुझीच ना टिप?’ असं कुणी विचारणं, हाच मोबदला.

आपल्याकडे इन्फोसिसने उलटा प्रयोगही करून बघितला. त्यांच्या ‘के-शॉप’ या माहितीच्या साठ्यात काही लिहिलं की गुण मिळायचे, गुणांच्या बदल्यात भेटवस्तू. २००१ च्या सुमाराची गोष्ट. लेखांचा पूर आला! पण तपासणार कोण, आणि कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हे निवडणार कोण? कंपनीला ते लवकरच लक्षात आलं आणि त्यांनी गुणांची पद्धत बदलली. किती लिहिलं याऐवजी वाचणाऱ्याला किती उपयोग झाला, यावर जोर दिला. या दोन्ही गोष्टी वाचल्या आणि मी माझ्या शीटमध्ये प्रत्येक ‘का’पुढे कंसात नाव टाकायला लागले. बरीचशी नावं एकच आहेत, ‘काका’.

पण मॅडम, मग माझं काय?

आता तुम्ही म्हणाल, सगळं उघडं करून बसलो आणि उद्या कंपनीने नारळ दिला तर?

प्रश्न अगदी बरोबर आहे. माझ्याच एका मित्राकडून त्याच्या कंपनीने महिनाभर झकास केटी करून घेतली, व्हिडिओ रेकॉर्डिंगसकट, आणि पुढच्याच महिन्यात लेटर हातात दिलं. त्याला मी ‘माहिती वाटल्याने वाढते’ असलं काही ऐकवलं तर तो मला दारात उभी करणार नाही, आणि बरोबरच आहे. मॅनेजमेंटला माणसांच्या डोक्यातलं हवं असेल तर माणसांना भीती नको वाटायला, एवढं तरी त्यांना कळायला हवं. ज्या ऑफिसात केटी या शब्दाने पोटात गोळा येतो, तिथे सगळ्या फायलींवर ‘किरकोळ’च लिहिलेलं असणार.

फक्त माझा अनुभव सांगते. शीट बंद होती तेव्हा मला प्रमोशन मिळालं नाही. दोनदा. कारण? ‘तुला तिथून हलवलं तर ते कोण बघणार?’ काकाही एकतीस वर्षं त्याच खुर्चीत होते.

आणि हो, उघडं करायचं म्हणजे सगळंच साठवायचं असंही नाही. केटीच्या निमित्ताने आम्ही कपाट उपसलं, तर त्यात काय निघावं? कधीकाळी इंटरव्ह्यूला येऊन गेलेल्या मुलामुलींचे बायोडेटा. फोटो, पत्ते, जन्मतारखा, एकाला तर आईच्या ऑपरेशनचे पेपर जोडलेले, का ते देव जाणे. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा केलाय. तो डिजिटल माहितीपुरता आहे, पण त्यात दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी आहे म्हटल्यावर ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून सर्व्हरवर पडलेल्या स्कॅनकडे बघायची नजर बदलते. कागदी बायोडेटाही आम्ही श्रेडरमध्ये घातले. त्या नव्या मुलीने एकेक घातला, आणि मला वाटतं तिला स्वतःचा बायोडेटा कुठे कुठे पडला असेल ते आठवत असावं.

बाकीचं स्कॅन केलं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा मी कॉलेजात होते, टीव्हीवर बघत होते. माणसं गेली, त्याचं दुःख वेगळं. पण वरच्या मजल्यांवरच्या फायलींची राख होताना बाबा सारखे पुटपुटत होते, ‘कुणाकुणाचं काय काय असेल त्यात.’ तेव्हा मला त्यांचं बोलणं समजलं नव्हतं.

तर, आमची एक टेस्ट आहे. मी तिला ‘गणपती टेस्ट’ म्हणते. समजा उद्या तुम्ही दहा दिवस गावी गेलात, रेंज नाही. ऑफिसात काय काय अडेल? तेवढ्याच गोष्टी लिहून काढायच्या, बाकी सोडून द्या. यंदा मी खरंच गेले होते, मैत्रिणीच्या गावी. फोन दोनदा वाजला. एकदा बँकेचा क्रेडिट कार्डवाला होता.

काल कपाटाचा शेवटचा खण झाला. नव्या मुलीने सगळ्या फायलींना छापील लेबलं केलीत. प्रकार, वर्ष, नंबर, सगळं झक्कास. खालच्या खणातल्या त्या फाइलपाशी येऊन थांबली. ‘मॅडम, हे किरकोळ काढून टाकू?’

मी तिला सगळा किस्सा सांगितला. तिने नवं लेबल लावलं: ईपीसीजी, २०१३, मशीन बसवल्याचा दाखला व पोच. मग पेन घेतलं आणि खाली बारीक अक्षरात, कंसात लिहिलं, ‘किरकोळ’.

‘हे का?’ या वेळी मी विचारलं.

‘काकांना फोन केला तर ते हेच नाव सांगतील ना.’